तान बेंगच्या पायरीवर मागणी

आमच्या गावच्या शाळेत मास्तर हजेरी घ्यायला लागले की निम्मा वर्ग ‘को’वर संपायचा. तानबेंगको, तानसुयको, लिमपाको, ओंगहीको. उरलेल्या निम्म्यांची आडनावं स्पॅनिश गव्हर्नरच्या हुकमाने एका जाड पुस्तकातून वाटलेली. त्या वाटपात आमच्या खापरपणजोबांच्या वाट्याला ‘कुचारा’ आलं. कुचारा म्हणजे पळी. रांगेत जो पुढे होता त्याला म्हणे ‘सिंह’ मिळालं. मी आयुष्यभर एलेउतेरिओ पळी म्हणून जगलो, पण तक्रार नाही. पळीला सगळ्या घरांत प्रवेश असतो.

‘को’वाल्यांची गोष्ट वेगळी. को म्हणजे दादा. समुद्रापलीकडून, चीनहून, कोणी तान बेंग नावाचा माणूस गलबतातून यायचा. शेवया वळायचा नाहीतर मेणबत्त्या ओतायचा, आमच्यातल्याच एखादीशी लग्न करायचा, पाद्रीबाबा त्याच्या डोक्यावर पाणी घालायचे. शेजारीपाजारी त्याला तान बेंग-को म्हणायचे, म्हणजे बेंगदादा. पुढे मुलाच्या बाप्तिस्म्याला पाद्री विचारणार, बापाचं नाव काय? लोक सांगणार, तान बेंग-को. पाद्री कानावर पडलं तसं उतरवून घेणार. झालं. त्या माणसाचं कूळ तान, त्याचं नाव बेंग आणि शेजाऱ्यांनी लावलेलं ‘दादा’, सगळं एका गाठोड्यात बांधून पोरांचं आडनाव. मेलेल्या माणसाला कोणी शंभर वर्षं दादा म्हणतं का? आमच्याकडे मास्तर रोज सकाळी म्हणायचे, हातात छडी घेऊन. मला याचं नवल तेव्हाही वाटायचं, आता काठी धरून चालतो तरी वाटतं.

पण मला सांगायचंय ते माक्सिमो तानबेंगकोबद्दल. गाव त्याला दिको इमो म्हणायचं. घरातल्या थोरल्या भावाला आम्ही कुया म्हणतो आणि दोन नंबरच्याला दिको. इमोचा कुया लहानपणीच तापाने गेला, घराचा कारभार इमोकडे आला, पण तो कधी कुया झाला नाही. गेलेल्याची जागा गेलेल्याचीच, असं म्हणायचा. त्यामुळे सबंध गावाचा तो दिको. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा त्याला दिको म्हणत.

त्याचा धंदा पातीसचा. खाडीतली बारीक मासळी मिठात घालून मोठाले रांजण भरायचे, महिनोन्‌महिने मुरू द्यायचे आणि वर जो तांबूस खारट रस सुटतो तो गाळून विकायचा. या रसाशिवाय आमच्याकडे घास उतरत नाही. दिकोच्या अंगणात पाऊल टाकलं की परक्या माणसाचं नाक वाकडं व्हायचं आणि आमच्या तोंडाला पाणी सुटायचं.

रंगाने दिको रांजणाच्या बुडासारखा काळा, केस कुरळे, नाक बसकं. बाजारातली माळवं विकणारी आलिंग बिदे त्याला हटकून छेडायची.

“दिको, तू कसला रे चिन्याचा नातू? तुला बाप्तिस्मा पाण्यात दिला का पातीसमध्ये?”

“उन्हात ठेवलेली मासळी काळीच पडते, बाई. तू सावलीत बसतेस म्हणून तुझे टोमॅटो अजून हिरवे.”

हसायचा तोही. पण आडनावाचा त्याला विलक्षण मान होता. कोणी नुसतं ‘तान’ म्हटलं तर शांतपणे दुरुस्त करायचा, “तानबेंगको. पूर्ण म्हणावं.” दर वर्षी मृतांच्या सणाआधी कबरस्तानात जाऊन तान बेंगची शिळा घासायचा, तिच्यावरची अक्षरं स्वतःच्या हाताने रंगवायचा. ती अक्षरं गावात कोणालाच वाचता येत नव्हती, त्यालाही नाही. बापाने रंगवली म्हणून तो रंगवायचा, आणि बापाने त्याच्या बापाला बघून.

जपानी फौज जाऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दिकोची बायको वारलेली, एकुलती मुलगी रोसारिओ, घरात चारिंग. मी तिचा धर्मबाप, तिच्या भाषेत ‘निनोंग’, म्हणून मी आणि दिको एकमेकांचे ‘पारे’. चारिंगचं मन बसलं खाडीपलीकडच्या पोन्सोवर. पोन्सो बदकं पाळायचा. उंच, लाजरा, बोलायला लागला की मान बदकासारखी पुढे काढायचा. आमच्या रीतीप्रमाणे त्याने मुलीच्या घरी राबायला सुरुवात केली. पाणी भरलं, लाकडं फोडली, मिठाची पोती वाहिली. दिकोला पोरगा पसंत. पोन्सो नसला की रांजणावर झाकण घालताना दिको म्हणायचा, “आज ते बदक कुठे गेलं?”

घोडं अडलं दिकोच्या आईपाशी. इम्पो म्हणजे आजी, आणि ही इम्पो सेला म्हणजे साऱ्या गावाची आजी. जळता चिरूट उलटा, विस्तवाचं टोक तोंडात धरून ओढायची आणि तसाच ठेवून बोलायची, एक ठिणगी बाहेर येत नसे. पोन्सोचं आडनाव तानसुयको. तिने ते ऐकलं आणि चिरूट तोंडातून काढला. म्हणजे विषय गंभीर.

“तानाची पोर तानाला देत नाहीत.”

“इम्पो, तो खाडीपलीकडचा. त्याचा पणजा वेगळ्या गलबतातून आला,” मी म्हटलं.

“गलबतं दोन असतील. कूळ एक. एका कुळाची पोरं बहीणभाऊ.”

“असं कोण म्हणतं?”

“म्हणायला कोण कशाला पाहिजे? वाघळाला उलटं लटक असं कोण म्हणतं?”

चिनी भाषेचा एक शब्द तिला येत नव्हता. रोज पहाटे मिस्सा, गळ्यात जपमाळ, घरात येशूचं बाळरूप रेशमी झग्यात. पण त्या ‘को’वाल्या घराण्यांतून तेवढी एक गोष्ट टिकली होती: एका कुळात सोयरीक नाही. पाद्रीबाबा स्वतः समजूत घालायला आले. चर्चची काही हरकत नाही म्हणाले. इम्पोने त्यांच्यासमोर केळीच्या पानात उकडलेला चिकट भात ठेवला.

“खा बाबा. स्वर्गातलं तुम्ही सांगा, मी ऐकते. सोयरिकीतलं मला कळतं. तुम्हाला ना सासू ना सासरा.”

पाद्रीबाबांनी दोन पुडे खाल्ले आणि गेले.

इकडे पोन्सोला दक्षिणेहून, दावावहून मामाचं बोलावणं आलेलं. मळ्यावर काम होतं, राहायला घर होतं. मृतांच्या सणानंतरच्या आठवड्यात बोट. नकारच असेल तर इथे तोंड घेऊन कशाला फिरू, असं तो चारिंगला म्हणाला. त्या वयातली दुसरी जोडपी पळून जायची आणि पोर झालं की परत यायची. मी चारिंगला आडून विचारलं. ती मासळी निवडत होती.

“निनोंग, पळाले तर इम्पो मला माफ करेल. पण बाबा तिच्यासमोर मान खाली घालून बसतील, आणि तसे बसलेले मला बघवणार नाहीत. बाबांनी हो म्हणून दिलं तर जाईन. नाहीतर तो जाईल.”

एवढं बोलून पुन्हा मासळी निवडायला लागली. काटे टोचलेल्या बोटांनी डोळे पुसले.

सणाला थोडे दिवस उरले असताना एका भर दुपारी दिकोने मला रांजणांमागे बोलावलं. हातात गाळणं होतं, पण गाळत काही नव्हता.

“पारे, एका वाक्यात हे लग्न होईल. आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही.”

मी उलट्या टोपलीवर बसलो.

“आम्ही तान नाही,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. तान बेंगच्या काळी पटकीची मोठी साथ आली होती. नदीकाठची घरंच्या घरं बसली. तान बेंग शेवया करायचा, अंगणात बांबूंवर वाळत घालायचा. बायको त्याच साथीत गेली, मूलबाळ नव्हतं. एका सकाळी वाळवणाखाली एक पोर बसलेलं दिसलं, कच्च्या शेवया तोडून तोडून खात होतं. कोळ्यांचं की डोंगरातलं, कोणाचं कोण जाणे. काळं, कुरळ्या केसांचं. तान बेंगने त्याला मारलं नाही, विचारलंही नाही. चुलीवर पाणी ठेवलं आणि म्हणाला, शिजवून खावं. साथ सरल्यावर त्याला चर्चमध्ये नेलं. पाद्रीने विचारलं, बाप कोण? तान बेंग बोलायच्या आत बाहेर उभे होते ते शेजारी म्हणाले, बेंगदादाचंच आहे. ते पोर म्हणजे मारियानो तानबेंगको, दिकोचा पणजोबा. साथीनंतर गावात निम्मी माणसं नवी आली. कोणाला काही कळलं नाही.

“बापाने मरताना मला सांगितलं. म्हणाला, लाज वाटते म्हणून लपवत नाही आपण. कोणी उठून असं म्हणू नये की मारियानो त्याचा खरा मुलगा नव्हता, म्हणून लपवतो.” दिकोने गाळणं खाली ठेवलं. “आता मी आईला सांगितलं की रक्त तानांचं नाही, तर सोयरीक मोकळी. पण पारे, ज्याने शेवया शिजवून दिल्या त्याला मी चारचौघांत म्हणायचं, तू आमचा कोणी नाहीस? पोरीच्या सुखासाठी बाप नाकारायचा?”

दिकोच्या काळ्या पाठीवरून घाम निथळत होता आणि मी त्याच्याकडे नव्याने बघत होतो. इतकी वर्षं आलिंग बिदेची थट्टा हा माणूस हसत झेलत होता, आणि खरं काय ते त्याला ठाऊक होतं.

“त्यालाच विचारू,” शेवटी तो म्हणाला. “शिळेवर काय कोरलंय ते वाचून घेऊ. त्याने मारियानोला काय म्हटलं असेल ते तिथे असेल. नोकर म्हटलं असेल तर मी मोकळा.”

बाजारात गो सेंग म्हणून चिनी औषधवाला नवा आला होता. मुळ्या, साली, वाळवलेले समुद्रघोडे विकायचा. आमची भाषा लंगडत बोलायचा, पण बोलायचा. आम्ही त्याला कबरस्तानात नेलं. तान बेंगची कबर टेकाडाच्या कडेला, अर्धगोल कठडा, पुढे दोन दगडी पायऱ्या, मागे शिळा. रंगवलेली अक्षरं लांबून झळकत होती. गो सेंग जवळ गेला आणि वाकला.

“हे कोणी केलं?”

“मी,” दिको म्हणाला. “आधी बापाने.”

“या अक्षराला पाय दोन जास्त. याच्या डोक्यावर छप्पर आलंय. आणि हे,” त्याने बोट टेकवलं, “हे जगात कुठलंच अक्षर नाही.”

पिढ्यान्‌पिढ्या रंगावर रंग चढले होते, आणि प्रत्येकाने आधीच्याचा हात जरा पुढे ओढला होता. आम्ही करवंटीच्या तुकड्यांनी रंग खरवडायला बसलो. थरांवर थर निघाले. खाली कोरीव अक्षरं निघाली, बारीक आणि नेटकी. गो सेंगने त्यांवरून बोट फिरवत वाचलं.

“वर गावाचं नाव, समुद्रापलीकडचं. मध्ये, तान बेंग. इकडे कडेला लिहिलंय, मुलाने बसवली.”

“मुलाने?” दिकोने विचारलं.

“मुलाने.”

“पाळलेल्या मुलाने, असं?”

“नाही. पाळलेल्याला आमच्यात वेगळा शब्द. तो इथे नाही. हा नुसता मुलगा. पोटचा असतो त्याचा शब्द.” मग गो सेंगने खाली पडलेले रंगाचे पापुद्रे उचलले. “पण एक मोठी चूक केलीत तुम्ही. सगळं लाल रंगवलंत.”

“त्यात काय?”

“मेलेल्याचं नाव लाल रंगवत नाहीत. सोनेरी रंगवतात, हिरवं रंगवतात. माणूस जिवंतपणी आपली कबर बांधून ठेवतो ना, त्याचं नाव लाल. मेला की रंग बदलतात.” तो शिळेकडे बघत राहिला. “तुम्ही बदललाच नाहीत. शंभर वर्षं दर साली तुम्ही इथे लिहिताय, हा माणूस जिवंत आहे.”

वाऱ्यावर गवत हलत होतं. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस, देवळं-चर्च पाहिली, मोठमोठ्या मिरवणुका पाहिल्या. पण अंगावर तसा काटा पुन्हा आला नाही. एक भुकेलं पोर, त्याचं पोर, त्याचं पोर. कोणाला अक्षर येत नाही, कोणाला रीत ठाऊक नाही, आणि अडाणीपणाने, नेमाने, त्यांनी त्या माणसाला मरू दिलं नव्हतं.

दिकोने अक्षरांवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, “सोनेरी नको. लालच राहू दे.”

घरी परतताना तो एवढंच म्हणाला की आता ते वाक्य कधीच निघणार नाही. मला वाटलं, संपलं, पोन्सो बोटीत बसला.

पण आईपासून लपवणं आता त्याला जमेना. चारिंग खाडीवर गेलेली बघून तो इम्पोसमोर जमिनीवर बसला आणि सगळं बोलला. मारियानो, कच्च्या शेवया, गो सेंगने वाचलेली शिळा, लाल रंग. “आई, रक्त वेगळं आहे. पण मी बाप बदलणार नाही. तू नाही म्हणालीस तेच ठीक होतं,” म्हणाला.

इम्पोने चिरूट काढला आणि राखेत विझवला.

“कच्च्या शेवयांचं मला सांगतोस? मी या घरात सून म्हणून आले त्या सालीच तुझ्या बापाने मला सांगितलं होतं.”

दिको जमिनीवरून उठला.

“तुला ठाऊक होतं? मग नाही कशाला म्हणालीस?”

“हो म्हणाले असते तर उद्या ती बिदे विचारणार, इम्पो, तान तानाला कसा चालला? मग मी काय सांगू? आम्ही उचलून आणलेले, असं सांगू? तुझ्या बापाची शपथ होती मला.” तिने नाक शिंकरलं. “मला वाटलं, तुला काही ठाऊक नाही.”

आई-लेक इतकी वर्षं एका छपराखाली, एकच गोष्ट एकमेकांपासून झाकून बसलेले. मी दाराशी उभा होतो, निघून जावं की थांबावं कळेना. इम्पोलाच माझी आठवण झाली.

“तेरिओ, तो औषधवाला नक्की काय म्हणाला? लाल म्हणजे जिवंत?”

“तसंच म्हणाला, इम्पो.”

“मग मला काय विचारता सगळे? घरातला सगळ्यात मोठा माणूस जिवंत असताना पोरीची मागणी सुनेकडे घालतात का? घराला काही रीतभात आहे की नाही? त्या बदकवाल्यांना निरोप दे. मागणी घालायची तर त्याच्याकडे घाला. बापाने स्वतः पोर दिली तर कुळाचा प्रश्न कोण काढतं बघू.”

आमच्यात मुलाकडची मंडळी जेवण घेऊन मुलीच्या घरचा जिना चढून मागणी घालायला येतात. या मंडळींना कबरीच्या पायऱ्या चढायच्या होत्या, तेही सणाच्या दिवशी, जेव्हा अख्खं गाव कबरस्तानात मेणबत्त्या, फुलं आणि डबे घेऊन बसलेलं असतं. पोन्सोची आई दोन माणसांनी धरलेलं पातेलं घेऊन आली. पुढे त्याचे आजोबा, इंगकोंग पोन्योंग, ऐकायला कमी, आवाज दुप्पट. पोन्सो इस्त्रीच्या शर्टात, मान आत ओढून.

“बोलायचं कोणाशी?” इंगकोंग ओरडले.

“समोर आहे तो,” इम्पो म्हणाली.

इंगकोंग दोन्ही पायऱ्या चढले, त्यांनी टोपी काढली. आजूबाजूच्या कबरींवरचं बोलणं थांबलं. आलिंग बिदे टोमॅटोच्या टोपलीसकट पुढे सरकली.

“तान बेंग-को,” म्हाताऱ्याने हाक मारली, पलीकडच्या बाकावरच्या माणसाला मारावी तशी. “मी तान सुयच्या घरचा. आमचा पोन्सो फार हुशार नाही. पण बदकं त्याच्या शब्दात आहेत, आणि दारू पीत नाही. तुमची चारिंग आम्हाला द्या. दोन्ही घरं तानांची, हे मला ठाऊक आहे. रीत मोडते, हेही ठाऊक आहे. म्हणून लहानांना न विचारता तुम्हालाच विचारायला आलो.”

उत्तराची वाट बघायची रीत असते. आम्ही सगळे खरंच वाट बघत उभे राहिलो, दगडापुढे. हसलं कोणी नाही. मेणबत्त्यांचा जाळ वाऱ्याने आडवा होत होता. शिळेवरची अक्षरं दिकोने पुन्हा रंगवली होती, या वेळी कोरल्याबरहुकूम, आणि तो ओला लाल रंग बघताना मला खरंच वाटलं की कोणी तरी विचार करतंय.

इम्पो पुढे झाली. शिळेला कान लावला नाही, डोळे मिटले नाहीत, असलं सोंग तिने कधी केलं नाही. शिळेकडे पाठ करून, पायरीवर सुनेसारखी जरा कडेला उभी राहिली.

“थोरले सासरे कमी बोलायचे म्हणतात. त्यांच्या वतीने मी सांगते. वाळवणाखाली बसलेल्या पोराला ज्यांनी कूळ विचारलं नाही, ते दारात उभ्या असलेल्या पोराला विचारणार नाहीत. पोर दिली.”

वाळवणाखालचं पोर कोण, हे गावाला कळलं नाही. कोणी विचारलंही नाही. पुढे खूप वर्षांनी, बापाकडून कळलेलं सगळं चारिंगनेच आपल्या नातवंडांना सांगितलं, आणि निनोंग, लिहून ठेवा म्हणाली, म्हणून मी लिहितोय. त्या दिवशी आलिंग बिदे एवढंच म्हणाली, “म्हाताऱ्यानेच दिली, तर आपण कोण?” आणि तोच गावाचा निकाल ठरला. पोन्सोने पुढे होऊन, आमच्यात वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात तसा, इम्पोचा हात आपल्या कपाळाला लावला. गडबडीत त्याने माझाही लावला, आणि बिदेचाही.

“पातेलं उघडा आता,” इम्पो म्हणाली. “बदक आहे ना? मीठ कोणी घातलंय?”

“मी घातलंय,” पोन्सोची आई म्हणाली.

“मग थोडं पातीस आणा रे.”

दिको अजून एका बाजूला उभा होता. इतकी वर्षं मी त्याला त्या कबरीपाशी पाहिलं होतं, घासताना, रंगवताना, गुडघे टेकून जप करताना. एखाद्या मोठ्या माणसाच्या वाड्यात काम करणाऱ्याने वावरावं तसा वावरायचा, काम झालं की टोपी हातात घेऊन मागे सरायचा. त्या दिवशी चारिंगने वाडग्यात जेवण वाढून त्याच्या हातात दिलं. तो वाडगा घेऊन पायऱ्यांपाशी आला, वरच्या पायरीवर टेकला, शिळेला पाठ लावली, पाय लांब केले आणि घरच्या ओट्यावर बसून जेवावं तसा जेवला.